मोटारीला हुकूम कोण देतो?

काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेला ओलिताची पाळी रात्री आली म्हणजे विहिरीवर जाणे चुकत नाही. वाटेत अंधार, धुऱ्यावर सापाचे भय, आणि पोहोचून पाहावे तर वीज गेलेली! हा फेरा वाचावा म्हणून पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे मोबाईलवरून पंप चालवणारे यंत्र तयार केले. २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळाले. आता तशा पेट्या पुष्कळ निघाल्या आहेत. पण पेटीच्या पोटात काय चालते, हे तुम्हांला ठाऊक असलेले बरे.

आत एक सिमकार्ड आणि नखाएवढी चिप. चिपला बारीक पाय असतात. काही नुसते पाहणारे, काही काम करणारे. करणाऱ्या पायात जोर किती? तीन ते पाच व्होल्ट. तेवढ्याने ४१५ व्होल्टची मोटार काय हलणार! म्हणून पायाने रिलेला इशारा द्यायचा, रिलेने स्टार्टरचे हिरवे बटण दाबल्यासारखे करायचे, आणि मोटार ओढायची ती स्टार्टरने. पाटलाने कोतवालाला सांगावे आणि कोतवालाने गावाला, तसेच हे.

प्रोग्राम म्हणजे सालदाराला लिहून दिलेली चिठ्ठी. फरक एवढाच, की सालदार स्वतःची अक्कल चालवतो, चिप चालवत नाही. म्हणून सगळे लिहावे लागते : तिन्ही फेज आहेत का पाहा, नसतील तर बटणाला हात लावू नकोस, मालकाला कळव, असतील तर बटण दोन सेकंद दाब आणि सोड.

सोड कशाला? एकदा ओढला गेला की स्टार्टर आपला आपण धरून राहतो, वीज गेली की सुटतो. बटण दाबूनच ठेवले, तर वीज परतताच मोटार आपोआप सुरू होईल. शिवारातल्या सगळ्याच मोटारी अशा एका क्षणी उठल्या तर? उठताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट खाते. डीपी जळते ती अशाने. ऑटोस्विच काढा, असे महावितरण सांगते ते याच कारणाने.

आणखी एक. बटण दाबले म्हणजे मोटार चालली असे नव्हे. चांगला प्रोग्राम आधी करंट मोजतो, मगच ‘चालू’ असा निरोप धाडतो. करंट फार उतरला तर विहिरीचे पाणी तुटले असे समजून मोटार बंद करतो. फार चढला तरी बंदच. घेताना दुकानदाराला विचारा, मोटारीची तार सुटली तर पेटी काय म्हणेल? ‘चालू’च म्हणणार असेल, तर ती आपलाच हुकूम वाचून दाखवते आहे!

गुरुजींनी वर्गात ही चिठ्ठी मुलांकडून लिहवून घ्यावी. एका मुलाला चिप करावे. लिहिले तेवढेच त्याने करायचे, एक अक्षर जास्त नाही. मुले कुठे चुकतात ते दोन मिनिटांत कळेल.

आणि स्टार्टर उघडण्याआधी मेन स्विच खाली पाडा, फ्यूज काढून खिशात ठेवा. नागपुरात बसलेल्या मुलाला तुम्ही विहिरीवर आहात हे ठाऊक नसते, आणि फोन त्याच्या हातात असतो.