एकपालक कुटुंबातील कर्जफेड व घरखर्चाचे नियोजन : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात

बीजसंज्ञा : एकपालक कुटुंब, वारसाची मर्यादित जबाबदारी, हंगामी उत्पन्न, सावकारी, बचतगट.

१. प्रस्तावना

जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट किंवा परित्याग यांमुळे ज्या कुटुंबात मुलांच्या संगोपनाचा व चरितार्थाचा भार एकाच पालकावर येतो, त्यास प्रस्तुत लेखात ‘एकपालक कुटुंब’ म्हटले आहे. असा पालक पुरुषही असू शकतो. तथापि मालमत्ता व पत ही दोन्ही बहुधा पतीच्या नावे असल्याने स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. म्हणून येथील विवेचन मुख्यत्वे तिच्यासंबंधी आहे. अशा घरात कर्जफेडीचा विचार ‘पैसे कोठून आणावयाचे’ येथून सुरू होतो. वस्तुतः ‘हे कर्ज कोणाचे’ हा पहिला प्रश्न असावयास हवा. त्यानंतर हप्त्यांचे वेळापत्रक कोकणातील उत्पन्नाच्या वेळापत्रकाशी जुळते का, हे तपासले पाहिजे.

२. पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेनुसार दर हजार पुरुषांमागे १,१३६, तर २०११ च्या जनगणनेनुसार १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुषांचे मुंबईकडील स्थलांतर हे याचे प्रमुख कारण होय. चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर गावाकडचे घर चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी संप सुरू झाला आणि गिरणीवर अवलंबून असलेल्या घरांचा हा आधार खचला. घर एकटीने चालविणे कोकणातील स्त्रीस नवे नाही; कागदपत्रे मात्र क्वचितच तिच्या हाती असत.

कायद्यानेही तिला उशिराच हक्क दिला. देवरुख येथे १८७० मध्ये जन्मलेल्या पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरी एक मुलगा होता. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी वर्षानुवर्षे निधी गोळा केला. मात्र त्या काळी एकत्र कुटुंबातील विधवेस पतीच्या हिश्शावर मालकी नसे, केवळ पोटगीचा हक्क असे. १९३७ च्या कायद्याने तिला मर्यादित हक्क मिळाला आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती मुले व पतीची आई यांच्यासह पहिल्या वर्गातील वारस व आपल्या हिश्शाची पूर्ण मालक झाली. मालकीबरोबर कर्जाचा प्रश्नही तिच्या दारी आला.

३. कर्ज कोणाचे?

पतीच्या पश्चात येणाऱ्या प्रत्येक मागणीची तीन प्रकारांत वर्गवारी करावी.

(अ) केवळ पतीच्या नावे असलेले कर्ज : याची वसुली त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून होऊ शकते. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित असते. पत्नीची स्वतःची मजुरी, पगार वा स्त्रीधन यांवर तो बोजा येत नाही.

(आ) पत्नी सहकर्जदार वा जामीनदार असलेले कर्ज : येथे तिची जबाबदारी व्यक्तिगत ठरते. भारतीय करार कायदा, १८७२ अन्वये, करारात अन्यथा नमूद नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणून पतसंस्थेत किंवा बँकेत आपण कोणत्या कागदावर कोणत्या नात्याने सही केली, हे प्रत मागवून पाहावे.

(इ) तोंडी मागणी : लेखी पुरावा पाहिल्यावाचून ती मान्य करू नये, विशेषतः दिवसकार्याच्या काळात नवीन कागदावर सही करू नये. पतीचे जुने कर्ज ‘आपल्या नावावर करून घेणे’ म्हणजे मर्यादित जबाबदारी स्वखुशीने अमर्याद करणे होय.

कर्जाला विमा जोडलेला होता का, याचीही लेखी चौकशी करावी. विमा असल्यास कर्जाचा काही वा सर्व भाग त्यातूनच फिटू शकतो. परित्यक्तेस भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ अन्वये स्वतःसाठी व मुलांसाठी निर्वाहखर्च मागता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

४. फेडीचा क्रम

उदाहरणादाखल, एका घरावर सावकाराचे ३०,००० रुपये (दरमहा शेकडा ३), पतसंस्थेचे ४०,००० रुपये (वार्षिक १५ टक्के) व बचतगटाचे १०,००० रुपये (दरमहा शेकडा २) देणे आहे, असे समजू. महिन्याचे व्याज अनुक्रमे ९००, ५०० व २०० रुपये होते. सर्व हप्ते भरून हंगामात १०,००० रुपये शिल्लक राहिले, तर ते पतसंस्थेत भरल्याने दरमहा १२५, तर सावकारास दिल्याने ३०० रुपये व्याज वाचते. वर्षाचा फरक २,१०० रुपयांचा आहे. सर्वांत मोठी रक्कम वा सर्वांत मोठा तगादा यांपेक्षा सर्वांत महाग व्याज हा निकष ठेवावा.

बचतगटाचा दर पतसंस्थेपेक्षा जास्त दिसतो, परंतु गटांतर्गत कर्जाचे व्याज गटाच्याच निधीत जमा होते. शिवाय १९९२ मध्ये नाबार्डने सुरू केलेल्या बँक-जोडणी कार्यक्रमामुळे नियमित परतफेड करणाऱ्या गटाला बँकेचे दार उघडते. म्हणून गटाचा हप्ता चुकवू नये.

सावकार परवानाधारक आहे का, हे आधी पाहावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करू नये, हे दामदुपटीचे जुने तत्त्वही या कायद्यात आहे.

५. उत्पन्नाचे ऋतुचक्र

आंबा-काजूची मजुरी मुख्यतः मार्च ते मे या काळात मिळते; जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. नेमक्या याच काळात शाळा-महाविद्यालयांचे शुल्क व त्यापाठोपाठ गणेशोत्सवाचा खर्च येतो. समजा, वर्षाचे उत्पन्न १,२०,००० रुपये असून त्यांपैकी मार्च-मे मध्ये ६०,०००, जून-सप्टेंबरमध्ये २०,००० व उरलेल्या पाच महिन्यांत ४०,००० रुपये मिळतात. मासिक सरासरी १०,००० रुपये होते. सूक्ष्मवित्त कर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार कुटुंबाचे सर्व हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक नसावेत. सरासरी धरल्यास ५,००० रुपयांचा हप्ता या मर्यादेत बसतो. परंतु पावसाळ्यात घराची मासिक मिळकतच ५,००० रुपये आहे! हप्त्यासाठी दुसरे कर्ज काढण्याची साखळी येथेच सुरू होते.

यावर उपाय दोन. पहिला, कर्ज घेतानाच हंगामानुरूप परतफेड मागणे. सूक्ष्मवित्त कर्जात अशी लवचिकता देण्याचे धोरण ठेवणे त्याच निर्देशांनी संस्थांवर बंधनकारक केले आहे, तसेच मुदतपूर्व फेडीस दंड आकारता येत नाही. दुसरा उपाय कोकणातील घराला ठाऊकच आहे. तांदूळ, लाकूडफाटा, सुकी मासळी यांची पावसाळ्यापूर्वी बेगमी केली जाते. तशीच हप्त्यांची करावी. हप्ता २,००० रुपयांचा असेल, तर मेअखेर चार महिन्यांचे ८,००० रुपये व शाळेचे शुल्क वेगळ्या खात्यात ठेवावे. ही बेगमी झाल्यावर उरेल तेच जादा फेडीस वापरावे.

६. समारोप

एकपालक कुटुंबाची कर्जबाजारी अवस्था उधळपट्टीतूनच येते असे नाही. न लागणारे कर्ज स्वीकारल्याने आणि हंगामी मिळकतीवर मासिक हप्ते बांधून घेतल्यानेही ती ओढवते. अशा घरात प्रथम बळी जाते ते मुलांचे शिक्षण. या दृष्टीने महाविद्यालयांना दोन गोष्टी सहज करता येतील : अशा विद्यार्थ्यांचे शुल्क जून-जुलैत एकरकमी न घेता मार्चपर्यंतच्या हप्त्यांत घेणे, आणि वाणिज्य व विधी विषयांच्या अध्यापकांनी पालकांसाठी वर्षातून एकदा मे महिन्यापूर्वी कागदपत्र-वाचनाचे शिबिर घेणे. कोणत्या कागदावर सही करू नये, एवढे जरी आईला वेळेवर समजले, तरी अनेक विद्यार्थी पुढच्या वर्षाच्या हजेरीपटावर दिसतील.