जमीन पाहून वाहन

आग्र्याच्या ताजमहालाभोवतींच्या बागेंत बैल जोडलेलें गवत कापण्याचें यंत्र कित्येक वर्षें प्रवाशांच्या पाहण्यांत येत असे. बैल संथपणें पुढें चालत, मागून यंत्र हांकणारा मनुष्य येई, आणि कापलेल्या गवताची फिकट पट्टी मागें उमटत जाई. मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांच्या मैदानांवर आतां इंजिनाचीं यंत्रें फिरतात. परंतु हिरवळ कापणें हा एक स्वतंत्र आणि मोठा धंदा म्हणून पाहावयाचा असेल, तर अमेरिकेकडेच वळलें पाहिजे. तेथील उपनगरांत घरापुढें आणि घरामागें हिरवळ असावयाचीच. न्यू जर्सीसारख्या प्रांतांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा देखावा परिचयाचा आहे. उन्हाळ्यांत आठवड्यांतून एकदां दारापुढें ट्रेलर येऊन थांबतो, त्यावरून एक बसकें वाहन उतरतें, त्यावर आरूढ झालेला मनुष्य थोड्याच वेळांत सारी हिरवळ कापून टाकतो आणि पुढच्या घराकडे निघून जातो. घरांतील मंडळींना त्या वाहनाचा आवाज तेवढा ठाऊक असतो. तें कोणत्या जातीचें आहे आणि त्याच जातीचें कां, हा विचार त्यांस सहसा शिवत नाहीं. पण त्यावर बसणाऱ्याचा नफा, आणि क्वचित् प्रसंगीं त्याचा जीवही, ह्याच प्रश्नावर अवलंबून असतो.

ह्या यंत्राचा जन्म कापडाच्या गिरण्यांशीं निगडित आहे. इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउड गांवाजवळ एडविन बडिंग नांवाचा एक यंत्रज्ञ राहत असे. लोकरी कापडावर उभी राहिलेली लव एकसारखी छाटण्यासाठीं तिकडील गिरण्यांत पात्यांचा फिरता रूळ वापरीत. कापडाची लव छाटतां येते, तर जमिनीची कां येऊं नये, ह्या विचारानें त्यानें १८३० सालीं हिरवळ कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. पुढें मोठ्या यंत्रांना घोडे जुंपूं लागले, आणि खुरांचे वण उमटूं नयेत म्हणून त्या घोड्यांच्या पायांत चामड्याचे जोडे घालीत. १९०२ सालीं इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीनें पेट्रोलच्या इंजिनाचें यंत्र विक्रीस आणलें, आणि घोड्याचे जोडे अडगळींत पडले.

बडिंगच्या यंत्राची कापणी कात्रीसारखी असते. फिरतीं पातीं आणि खालची स्थिर पट्टी ह्यांच्या चिमटींत गवत सांपडतें आणि स्वच्छ कापलें जातें. गोल्फच्या खेळांतील भोंकाभोंवतालची हिरवळ तीन-चार मिलिमीटर इतकी आंखूड ठेवावी लागते. तें काम ह्याच पद्धतीच्या यंत्राचें. परंतु त्यास जमीन सपाट लागते आणि गवत वाढूं न देतां वारंवार कापावें लागतें. दुसरी कापणी विळ्याच्या घावासारखी. तींत आडवें पातें अतिशय वेगानें फिरतें आणि केवळ वेगाच्या जोरावर गवत तोडतें. घरें, शाळा, कचेऱ्या, स्मशानभूमी अशा ठिकाणचें बहुतेक काम ह्या दुसऱ्या जातीच्या यंत्रांनीं होतें. म्हणून धंद्यासाठीं वाहन घ्यावयास निघालेल्या मक्तेदारापुढें जो प्रश्न असतो, तो मुख्यतः आडव्या पात्यांच्या निरनिराळ्या वाहनांतील निवडीचा असतो.

त्यांतील सर्वांत ओळखीचें रूप म्हणजे लहान ट्रॅक्टर. पुढें इंजिन, हातांत मोटारीप्रमाणें गोल चाक, आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध पोटाखालीं पात्यांचें पोलादी झांकण. ह्या झांकणास त्या धंद्यांत डेक म्हणतात. हें वाहन चालविण्यास सोपें आणि किंमतीनें हलकें असतें. स्वतःच्या घराची अर्धा-पाऊण एकर हिरवळ आठवड्यांतून एकदां कापणाऱ्या गृहस्थास तें पुष्कळ होतें. परंतु धंद्यांत यंत्र दिवसाचे सहा-आठ तास चालतें. तेवढा भार सोसण्याजोगा ह्या ट्रॅक्टरांचा सांगाडा बहुधा नसतो. शिवाय प्रत्येक ओळीच्या टोकाशीं तो मोठा वळसा घेतो, आणि झाडाच्या बुंध्याभोंवतीं फिरवितांना न कापलेल्या गवताचें कडें मागें ठेवतो. तें कडें पुढें दुसऱ्या यंत्रानें हातीं कापावें लागतें.

ह्या वळशाच्या अडचणींतूनच १९६० नंतरच्या दशकांत कॅन्सस आणि मिसूरी ह्या प्रांतांकडे ‘झीरो-टर्न’ नांवाचीं वाहनें निघालीं. झीरो-टर्न म्हणजे जागच्या जागीं वळणारें. ह्यांत गोल चाक नसतें. बसणाऱ्याच्या दोन्ही हातांशीं दोन तरफा असतात. मागच्या प्रत्येक चाकास तेलाच्या दाबावर चालणारा स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र मोटर असते. दोन्ही तरफा सारख्या पुढें ढकलल्या म्हणजे वाहन सरळ जातें. एक अधिक ढकलली म्हणजे वळतें. एक पुढें व दुसरी मागें केली म्हणजे जात्याच्या तळीप्रमाणें आपल्याभोंवतींच फिरतें. पुढचीं दोन चाकें कचेरींतल्या फिरत्या खुर्चीच्या चाकांसारखीं केवळ आधारापुरतीं असतात. वळविण्याशीं त्यांचा कांहीं संबंध नसतो.

ह्याचा नफ्यावर काय परिणाम होतो, तें साध्या त्रैराशिकानें समजतें. बेचाळीस इंची डेकचा ट्रॅक्टर ताशीं ४ मैलांनीं चालला, तर तासाला सुमारे १.७ एकर जमीन त्याच्या पात्याखालून जाते. साठ इंची डेकचें झीरो-टर्न ताशीं ६ मैलांनीं चाललें, तर ३.६ एकर जाते. वळणें, ओळींची सरमिसळ आणि थांबणें ह्यांसाठीं पांचवा हिस्सा दोहोंतून वजा केला, तरी १.४ आणि २.९ एकर उरतात. म्हणजे सात एकरांचें आवार ट्रॅक्टरास पांच तास घेईल, आणि दुसऱ्यास अडीच तासही पुरे होतील. मजुरी तासावर द्यावयाची असल्यामुळें महाग वाहन एक-दोन हंगामांत आपली किंमत कशी भरून काढूं शकतें, हें ह्यावरून ध्यानीं येईल.

परंतु ह्याच हिशेबानें पुष्कळांची फसगत होते; कारण हा हिशेब मोकळ्या मैदानाचा आहे. ज्या मक्तेदाराकडे पाव-पाव एकराचीं वीस घरें आहेत, त्याचा वेळ कापण्यांत जात नाहीं. तो ट्रेलरवरून उतरविण्यांत, फाटक उघडण्यांत आणि कोपरे सांभाळण्यांत जातो. मागच्या अंगणाचें फाटक कित्येकदां तीन किंवा चार फुटांचें असतें. साठ इंची डेक म्हणजे पांच फूट. तो तेथून आंत जाणार कसा? अशा वेळीं रुंद वाहन दाराबाहेर उभें राहतें, आणि मालक हातांनीं ढकलण्याच्या यंत्रानें अंगण कापीत बसतो. शिवाय मोठ्या झीरो-टर्नचें वजन हजार-बाराशें पौंडांच्या घरांत जातें. ओल्या जमिनींत त्याच्या चाकांचे चर पडतात, आणि घाईनें जागच्या जागीं वळविल्यास आंतलें चाक गवत मुळासकट खरवडून काढतें. म्हणून जाणता चालक थोडें मागेंपुढें घेऊन, दोन्ही चाकें फिरतीं ठेवूनच वळतो.

ह्याहून गंभीर प्रश्न उताराचा आहे. ज्या युक्तीमुळें झीरो-टर्न इतकें चपळ झालें, तीच युक्ती उतारावर घात करते. ह्या वाहनाचें वळणें आणि थांबणें ह्या दोन्ही गोष्टी मागच्या दोन चाकांच्या पकडीवर अवलंबून असतात. गवत दंवानें ओलें आहे, उतार तीव्र आहे, आणि चाकांची पकड सुटली, तर पुढचीं चाकें कांहींच मदत करीत नाहींत. वाहन उताराच्या ओढीनें खालीं घसरूं लागतें, आणि चालकाच्या हातीं नुसत्या तरफा राहतात. उताराच्या पायथ्याशीं तळें, नाला किंवा दगडी बांध असेल, तर त्या घसरण्याचा शेवट वाहन उलटण्यांत होतो. अशा अपघातांत माणसें दगावलीं आहेत. पुष्कळ कारखानदार आपल्या माहितीपुस्तकांत १५ अंशांहून अधिक उतारावर असें वाहन नेऊं नये असें बजावतात. पंधरा अंश म्हणजे सुमारे पावणेचार फूट आडवें जातांना एक फूट चढणें. डोळ्यांस हा उतार फारसा भयंकर वाटत नाहीं, हीच त्यांतील मेख आहे. धंद्याच्या बहुतेक वाहनांवर चालकाच्या पाठीमागें पोलादी कमान असते, आणि बैठकीस पट्टा असतो. वाहन उलटलें तरी त्या कमानीच्या आश्रयानें मनुष्य चिरडला जाऊं नये, अशी ती योजना असते. कमान उभी असतांना पट्टा बांधावयाचाच. झाडाखालून जाण्यासाठीं ती तात्पुरती खालीं केली असेल, तर मात्र बांधावयाचा नाहीं, म्हणजे प्रसंगीं उडी टाकतां येते.

उतार आणि झाडी ज्यांच्या वांट्यास अधिक, त्यांच्यासाठीं दोन वेगळ्या जाती आहेत. पहिलींत डेक वाहनाच्या पुढें असतो, पुढचीं चाकें जोर लावतात, आणि गोल चाकानें मागचीं चाकें वळतात; कांहींत चारही चाकांस जोर मिळतो. पुढें आलेला डेक झुडपांच्या व कुंपणाच्या खालीं सहज शिरतो आणि चालकास तो सदैव डोळ्यांसमोर दिसतो. हिंवाळ्यांत डेक काढून त्या जागीं बर्फ झाडण्याचा ब्रश किंवा बर्फ फेकण्याचें यंत्र लावतां येतें; म्हणून नगरपालिका आणि शाळा ह्या जातीचें वाहन पसंत करतात. किंमत अर्थात् भारी असते. दुसरी जात उभ्यानें चालविण्याची. तींत बैठकच नसते. मागच्या पायरीवर उभें राहून चालक तरफा फिरवितो. तें लांबीनें आंखूड असल्यामुळें एकाच ट्रेलरवर अधिक वाहनें मावतात, अरुंद फाटकांतून जाणारीं मापें मिळतात, आणि वाटेंत पडलेली फांदी किंवा खेळणें उचलण्यास खालीं उतरणें सोपें जातें. वाहन घसरूं लागलें तर मागें पाऊल टाकून मोकळें होतां येतें, हा मोठाच गुण. मात्र दिवसभर उभें राहिल्यानें पायांस शीण येतो, आणि विस्तीर्ण मैदानावर बैठकीच्या वाहनाची सर त्यास येत नाहीं.

जात ठरल्यावरही दुकानांत दोन-तीन गोष्टी निरखून पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे डेकची घडण. एकाच पातळ पत्र्यास दाबून आकार दिलेला डेक घराच्या वापरास चालतो. जाड पोलादी पट्ट्या जोडून, झाळून केलेला डेक दगडाचे व मुळ्यांचे आघात सोसतो. पात्याच्या टोकाच्या वेगाची अमेरिकन नियमांनीं घातलेली मर्यादा मिनिटास १९,००० फूट, म्हणजे ताशीं जवळजवळ ३५० किलोमीटर आहे. त्या वेगानें उडालेला खडा काय करील, ह्याची कल्पना केली म्हणजे डेकच्या बाजूची झडप काढून ठेवण्याची संवय किती घातक आहे, हें समजेल. दुसरी गोष्ट चाकांना जोर देणाऱ्या पंपांची. हलक्या वाहनांत पंप आणि मोटर एकाच बंद पेटींत असतात. कांहींत तर त्यांतील तेलही सहज बदलतां येत नाहीं. महाग वाहनांत ते सुटे असतात, आणि बिघडलेला भाग तेवढाच बदलतां येतो. तिसरी गोष्ट दुरुस्तीची. ऐन मे महिन्यांत पट्टा तुटला आणि सुटा भाग आठवडाभर मिळाला नाहीं, तर तितक्या दिवसांचीं गिऱ्हाइकें दुसऱ्याकडे जातात. जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे ज्या वाहनाचे भाग असतात, तें दोन पैसे महाग असलें तरी शेवटीं स्वस्तच पडतें.

अलीकडे विजेच्या वाहनांचाही विचार करावा लागतो. कॅलिफोर्निया प्रांतानें २०२१ सालीं कायदा केला, आणि त्यानुसार २०२४ सालच्या उत्पादनापासून नव्या लहान पेट्रोल इंजिनांवर कडक निर्बंध आले. विजेच्या वाहनाचा आवाज कमी असतो आणि धूर मुळींच नसतो. त्यामुळें इस्पितळें व शाळा ह्यांच्या आवारांत तें सोयीचें असतें. परंतु बॅटरीची किंमत मोठी असते, आणि एका भरणींत दिवसाचें काम निभावेल कीं नाहीं, हें आपल्याच कामाचे तास मोजून ठरवावें लागतें.

कोणतेंही वाहन घेतलें, तरी गवताचा धर्म बदलत नाहीं. एका वेळीं पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापूं नये, नाहीं तर मुळें दुबळीं होतात. आणि पातें बोथट असेल तर पानें फाटून त्यांचीं टोकें दोन दिवसांत पिंवळीं पडतात. पंचवीस अश्वशक्तीच्या इंजिनालाही धार लावण्याचें काम करतां येत नाहीं.

म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं मक्तेदारानें आपल्या गिऱ्हाइकांच्या जागांवरून एकदां पायीं फिरून यावें, हें उत्तम. प्रत्येक जागेपुढें चार गोष्टी लिहाव्या: क्षेत्र किती, फाटक किती रुंद, झाडें किती, आणि उतार किती. मोकळ्या जागा अधिक निघाल्या तर रुंद झीरो-टर्न, अरुंद फाटकें अधिक निघालीं तर उभ्यानें चालविण्याचें, झाडी आणि चढ अधिक निघाले तर पुढच्या डेकचें, असा निर्णय त्या वहीतूनच निघतो. आणि एखाद्या तळ्याकाठचा उतार असा असतो कीं, त्यापुढें कोणत्याही वाहनाचें नांव लिहितां येत नाहीं. ती जागा हातयंत्राची. तेवढ्यासाठीं एक तास अधिक लागला, तर तो हिशेबांत धरून मक्ता ठरवावा. आणि गिऱ्हाइकास तो दर पटला नाहीं, तर तें काम खुशाल सोडून द्यावें.