नीरम व त्याचे मापन

नीरम : जहाज, गलबत किंवा होडी पाण्यावर स्थिर राहावी आणि योग्य पातळीपर्यंत बुडावी यासाठी तिच्यात मुद्दाम ठेवलेला भार. दगड, वाळू, लोखंड, शिसे व पाणी हे पदार्थ नीरम म्हणून वापरले जातात. शिडाच्या गलबतात माल भरलेला असेल, तर तो मालच नीरमाचे काम करतो. माल उतरवून रिकामे परतताना मात्र तळाशी दगड वा वाळू भरावी लागे. लोखंडी आगबोटी आल्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाण्याचे नीरम प्रचारात आले, कारण ते पंपाने भरता व उपसता येते. आगगाडीच्या रुळांखालील खडीलाही इंग्रजीत हीच संज्ञा लावतात; येथे केवळ नौकांतील नीरमाचा विचार केला आहे.

तत्त्व : आर्किमिडीज यांच्या तत्त्वानुसार तरंगणारी नौका आपल्या एकूण वजनाइतक्या वजनाचे पाणी बाजूस सारते. नौकेचे वजन तिच्या गुरुत्वमध्यातून खाली, तर पाण्याची उत्प्लावक प्रेरणा बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर कार्य करते. नौका एका बाजूस कलली की, बुडालेल्या भागाचा मध्य त्या बाजूस सरकतो आणि या दोन प्रेरणांची जोडी नौकेला पूर्ववत उभी करू पाहते. गुरुत्वमध्य जितका खाली तितकी ही जोडी प्रबळ होते. म्हणून नीरम शक्य तितके तळाशी, पठाणालगत (तळाच्या कण्यालगत) ठेवतात. वजन वाढविल्याने नौका अधिक बुडते व काठ पाण्याच्या जवळ येतो, हा त्यातील धोका होय. तेव्हा नीरम किती आहे आणि ते कोठे आहे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मोजमापानेच मिळवावी लागतात.

या दोन गरजांतील विरोध स्वीडनच्या वासा या युद्धनौकेच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत ही नौका स्टॉकहोमच्या बंदरात कलंडून बुडाली. तिच्यात सु. १२० टन दगडी नीरम होते. वरच्या मजल्यांवरील तोफांच्या मानाने ते अपुरे होते. परंतु आणखी नीरम भरले असते, तर खालच्या तोफांच्या खिडक्या पाण्याच्या फार जवळ आल्या असत्या. दोष नीरमाच्या राशीत नसून नौकेच्या आकारात होता आणि तो नीरम वाढवून भरून निघणारा नव्हता. १९६१ मध्ये ही नौका समुद्रतळावरून वर काढण्यात आली.

वसई परिसर : पालघर जिल्ह्यातील वसईची खाडी हे उल्हास नदीचे एक मुख आहे. पोर्तुगीज अमलात (१५३४–१७३९) वसई हे जहाजबांधणीचे व दगडाच्या व्यापाराचे ठिकाण होते. गोव्यातील बॉम जेझस चर्चच्या (१५९४–१६०५) कोरीव कामासाठी वापरलेला बेसाल्ट दगड वसईहून नेल्याचे सांगितले जाते. असा दगड गलबताच्या तळाशी रचला की, तो माल व नीरम अशा दोन्ही अर्थांनी उपयोगी पडतो.

खाडीतील नौकेच्या भाराचे मापन करताना पाण्याच्या घनतेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व सु. १·०२५, तर गोड्या पाण्याचे १·००० असते. खाडीत भरतीच्या वेळी ते पहिल्या मूल्याकडे, तर पावसाळ्यात नदीला पूर आला असता दुसऱ्या मूल्याकडे झुकते. समजा, एका नौकेचे एकूण वजन ४० टन असून पाण्याच्या पातळीत तिचा छेद ६० चौ. मी. क्षेत्रफळाचा आहे. समुद्राच्या पाण्यात ती ३९·०२ घ. मी. व गोड्या पाण्यात ४० घ. मी. पाणी बाजूस सारील. म्हणजे भार तोच असताना ती गोड्या पाण्यात सु. १·६ सेंमी. अधिक बुडेल. केवळ खूण पाहणाऱ्याला नौकेत सु. १ टन भार वाढल्याचा भास होईल. म्हणून खूण वाचताना त्याच जागेचे पाणी भांड्यात घेऊन त्याची घनता तरकाट्याने मोजण्याची पद्धत आहे.

गोखिवरे हे वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, तुंगारेश्वरच्या डोंगराकडील गाव खाडीच्या काठावर नाही. वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात त्याचा समावेश होतो. खाडीपासून आत असलेल्या अशा ठिकाणी लहान होडी पाण्यावर न मोजता मालमोटारींच्या वजनकाट्यावर मोजणे शक्य असते. त्या पद्धतीचा विचार पुढे केला आहे.

मापनाच्या पद्धती : (१) घनफळावरून : टाकीचे घनफळ गुणिले पदार्थाची घनता हे नीरमाचे वजन. पाण्याच्या बाबतीत हे सोपे आहे, १ लि. गोडे पाणी १ किग्रॅ. भरते. वाळूचे घनफळ महाराष्ट्रात ब्रास या मापाने मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घ. फूट अथवा सु. २·८३ घ. मी. मात्र वाळूची घनता ओलाव्यानुसार बदलते. घ. मीटरला १·६ टन धरल्यास एक ब्रास सु. ४·५ टन, तर २ टन धरल्यास सु. ५·७ टन होतो. घनफळ अचूक असूनही वजनात एक टनाहून अधिक फरक पडतो, तो असा.

(२) पंपाच्या वेळेवरून : पंप दर मिनिटास किती पाणी देतो हे माहीत असल्यास त्या आकड्याला चालू वेळेने गुणून पाण्याची राशी काढतात. पंपावर छापलेला आकडा बहुधा पाणी वर चढवावे लागत नाही अशा स्थितीतील असतो. पाण्याची चढण, नळीची लांबी व वळणे, गाळणीतील कचरा आणि विद्युत् घटाचा उतरलेला दाब यांमुळे प्रत्यक्ष प्रवाह कमी पडतो. म्हणून प्रथम ज्ञात मापाचे पिंप त्याच नळीने भरून पंपाचा खरा प्रवाह ठरवावा. नळीत जलमापक बसविल्यास ही अडचण राहत नाही.

(३) बुडीत खोलीवरून : नौकेचा तळ पाण्याच्या पातळीखाली किती आहे, त्या उंचीला बुडीत खोली म्हणतात. मोठ्या जहाजांवर ती दर्शविणारे आकडे नाळेवर (पुढील टोकावर), मध्यभागी व पिछाडीवर दोन्ही बाजूंस रंगविलेले असतात. तिन्ही ठिकाणी दोन्ही बाजूंची सरासरी घेतात. मग नाळेचा आकडा, मध्याच्या आकड्याची सहापट व पिछाडीचा आकडा यांची बेरीज करून तिला आठाने भागतात. यामुळे भाराखाली जहाज किंचित वाकले असले, तरी त्याची भरपाई होते. नीरम भरण्यापूर्वीच्या व नंतरच्या बुडीत खोल्यांच्या फरकाला, दर सेंमी. बुडण्यास लागणाऱ्या वजनाने गुणले की, नीरमाचे वजन मिळते. ही पद्धत टाकीच्या आकारावर वा पंपाच्या आकड्यावर अवलंबून नसल्याने इतर पद्धतींचा पडताळा पाहण्यास उपयुक्त ठरते. वाचन लाटा नसताना व भरती-ओहोटीच्या मधल्या संथ वेळी घ्यावे लागते.

(४) वजनकाट्यावरून : ट्रेलरसह होडीचे वजन काट्यावर घेऊन त्यातून रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा करतात. रिकाम्या होडीचे खरे वजन कळण्याचा हा सर्वांत विश्वसनीय मार्ग आहे. काट्याचा लघुतम अंक १० किग्रॅ. असेल, तर त्याहून लहान फरक यातून कळत नाहीत. पाण्याचे नीरम भरलेली होडी मात्र काट्यावर नेऊ नये. ट्रेलरचा आस व चाके तेवढ्या भारासाठी बनविलेली नसतात.

वेकबोर्ड होडी : नीरममापनाचा प्रश्न अलीकडे लहान क्रीडानौकांतही महत्त्वाचा झाला आहे. वेकबोर्ड या खेळात वेगाने जाणाऱ्या होडीमागे दोरीला धरून खेळाडू एका फळीवर उभा राहतो आणि होडीने उठविलेल्या लाटेवरून उड्या घेतो. हा खेळ १९८० नंतर अमेरिकेत रूढ झाला. होडी जितकी जड तितके ती अधिक पाणी बाजूस सारते व लाट मोठी उठते. त्यामुळे येथे नीरमाचा हेतू उलटा असतो. होडी स्थिर करण्यासाठी नव्हे, तर ती मुद्दाम खोल बुडविण्यासाठी भार घालतात. त्यासाठी तळातील टाक्या, रबरी कापडाच्या पिशव्या आणि क्वचित शिशाच्या छऱ्यांच्या थैल्या वापरतात. शिशाचे विशिष्ट गुरुत्व सु. ११·३ असल्याने त्याला जागा थोडी लागते. परंतु होडीत पाणी शिरल्यास पाण्याच्या पिशव्या बुडीत अवस्थेत जवळजवळ निर्भार होतात, शिसे मात्र होडीला खाली ओढते.

पिशवीवर छापलेली क्षमता व तिच्यातील प्रत्यक्ष पाणी यांत फरक पडतो. पिशवीच्या वरच्या भागात हवा अडकते. बाकांखालच्या जागेत पिशवी पूर्ण फुगत नाही. टाकीतील पातळीदर्शक होडी एका टोकाकडे झुकली असता चुकीचे वाचन देतो. ३०० लि. पिशवीत ३० लि. हवा राहिली, तर अशा चार पिशव्यांत मिळून १२० किग्रॅ. नीरम कमी भरते. उलटपक्षी, उपसल्यानंतर तळाशी उरलेले पाणी हिशोबात धरले जात नाही.

बुडीत खोलीवरून हा हिशोब असा तपासता येतो. सु. ६·५ मी. लांब व २·५ मी. रुंद होडीचा पाण्याच्या पातळीतील छेद, टोकांची निमुळती घडण लक्षात घेता, सु. १२ चौ. मी. धरता येतो. गोड्या पाण्यात ती १ सेंमी. बुडण्यास १२० किग्रॅ. भार लागतो. १,२०० किग्रॅ. नीरमाने ती १० सेंमी. बुडेल. त्यात प्रत्येकी ७० किग्रॅ. वजनाची दहा माणसे आणि १५० किग्रॅ. इंधन मिळविल्यास एकूण भार २,०५० किग्रॅ. व बुडणे सु. १७ सेंमी. होईल. काठाची उंची तितकीच कमी होते. होडीवर निर्मात्याने लावलेल्या पट्टीवर कमाल भाराचा आकडा असल्यास त्यात माणसांबरोबर नंतर भरलेल्या पिशव्यांचेही वजन मोजले पाहिजे. काठ खाली गेलेली होडी एकाएकी थांबविल्यास तिचीच लाट मागून आत शिरू शकते.

भाराची जागा : वजनाची राशी बरोबर असूनही जागा चुकल्यास धोका टळत नाही. नीरम पिछाडीस जास्त झाल्यास नाळ उचलली जाते व चालकाला पुढचे पाणी दिसत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी होडी कलताच त्याच बाजूस धावते आणि कल वाढविते. हा परिणाम टाकीच्या रुंदीच्या घनाशी प्रमाणात असतो. म्हणून टाकीच्या मध्यावर लांबीच्या दिशेने एक आडभिंत घातल्यास तो एक चतुर्थांश होतो. टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असावी, हा नियम यावरूनच आला आहे. माणसे हाही सरकणारा भारच होय. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास ही प्रवासी आगबोट वादळी समुद्रात कलंडून ६०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. अशा वेळी प्रवासी एका बाजूस लोटले गेल्यास गुरुत्वमध्य त्या बाजूस सरकतो व नौकेची सावरण्याची शक्ती घटते. वसई व भाईंदर यांच्या दरम्यान फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या वाहनवाहू नौकासेवेसारख्या ठिकाणीही वाहने दोन्ही बाजूंस समतोल उभी करणे याच कारणाने आवश्यक असते.

नौकेची स्थिरता कलचाचणीने प्रत्यक्ष मोजतात. ज्ञात वजन नौकेच्या एका बाजूकडून दुसरीकडे हलवून, टांगलेला ओळंबा किती सरकतो ते पाहतात. वरील ४० टन नौकेवरील ०·४ टन वजन २ मी. सरकविल्यावर २ मी. लांबीचा ओळंबा ४ सेंमी. सरकला, तर तिची स्थिरतादर्शक उंची १ मी. येते. ओळंबा जितका अधिक सरकेल तितकी नौका कमी स्थिर समजावी.

नियमन : अतिभारित जहाजांमुळे होणारी जीवितहानी थांबविण्यासाठी सॅम्युएल प्लिमसोल यांनी ब्रिटिश संसदेत चळवळ केली आणि १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाररेषा रंगविणे सक्तीचे झाले. १९३० मध्ये भाररेषेविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. जहाजावर गोड्या व खाऱ्या पाण्यासाठी, तसेच निरनिराळ्या ऋतूंसाठी वेगवेगळ्या रेषा असतात. भारतात नद्या, खाड्या व जलाशयांतील नौकांची नोंदणी व तपासणी अंतर्देशीय नौका अधिनियम, २०२१ नुसार होते.

नीरमाच्या पाण्याबरोबर एका बंदरातील जीव दुसऱ्या बंदरात पोहोचतात. त्यास आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये मंजूर होऊन ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत १९८८ मध्ये आढळलेला झेब्रा शिंपला जहाजांच्या नीरमपाण्यातून तेथे आल्याचे मानले जाते. लहान होडीच्या टाकीत उरलेले पाणीही एका तलावातील जीव दुसऱ्या तलावात नेऊ शकते. त्यामुळे होडी हलविण्यापूर्वी टाक्या पूर्ण उपसून वाळविणे इष्ट असते.