बोअरचं पाणी आणि पिल्लं देणारे मासे

लेखमाला : घरचं मत्स्यालय, लेखांक ५

वसमतमध्ये ज्यांच्या अंगणात बोअर आहे, त्यांना जड पाणी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरे थर चढतात आणि स्टीलची बादली कितीही घासली तरी तिच्यावरचे डाग जात नाहीत. त्यामुळे घरात फिश टँक आला की पहिला बेत ठरतो तो जारच्या पाण्याचा. वीस-वीस लिटरचे चार-पाच जार आणायचे, टँक भरायचा, मग मासे सोडायचे.

या आठवड्यात ज्या माशांबद्दल लिहायचं आहे, त्यांच्यासाठी हा बेत सोडून द्या. स्वोर्डटेल, प्लॅटी, मॉली आणि गप्पी या चौघांना जड पाणीच मानवतं. आपण ज्या पाण्याला नावं ठेवतो, त्यातच यांचे रंग खुलतात, अंग भरतं आणि पिल्लं जगतात. आधी मनात भरलेला मासा आणायचा आणि मग त्याच्यासाठी पाणी बदलत बसायचं, यात नवख्या माणसाचे पैसेही जातात आणि मासेही. आपल्या नळाला किंवा बोअरला कसं पाणी येतं ते बघून मासे निवडले, तर अर्धी कटकट सुरू होण्याआधीच संपते.

मराठवाड्याचा हा भाग काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे. पावसाचं पाणी माती आणि खडकांच्या भेगांतून झिरपत खाली जातं आणि जाता जाता कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं असं म्हटलं आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत हेच माप डिग्रीत येतं. एक डिग्री म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. स्वोर्डटेलला १० ते २५ डिग्री काठिण्य आणि ७ ते ८.२ पीएच सोयीचा. म्हणजे ज्या बोअरच्या तपासणी अहवालात काठिण्य ३०० लिहिलेलं आहे, ते पाणी १७ डिग्रीच्या आसपास पडतं, अगदी मधोमध. उलट जारच्या आरओ केलेल्या पाण्यातून क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात. अशा पाण्यात मॉली पंख मिटून एकाच जागी डुलत राहते, पुढे सरकत नाही. दुकानदार याला शिमी म्हणतात आणि औषधाची बाटली देतात. बऱ्याचदा औषधाची गरज नसते, क्षारांची असते.

हे मासे मुळात आपल्याकडचे नाहीत. स्वोर्डटेल मेक्सिकोपासून ग्वाटेमाला, होंडुरासपर्यंतच्या ओढ्यांतला. ऑस्ट्रियाचे निसर्ग अभ्यासक कार्ल हेलर यांनी मेक्सिकोत गोळा केलेल्या नमुन्यांवरून योहान हेकेल यांनी १८४८ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि जातीला हेलर यांचं नाव दिलं. रानातला स्वोर्डटेल हिरवट असतो, अंगावरून एक तांबडा पट्टा जातो. दुकानात दिसणारा लालभडक मासा माणसाने घडवलेला आहे, आणि तो लाल रंग बराचसा प्लॅटीशी संकर करून आलेला आहे.

नावातली तलवार फक्त नराला असते. शेपटीच्या खालच्या काड्या वयात येताना लांबत जातात, त्यांना काळी किनार येते आणि ती टोकाला निमुळती होते. पोहायला तिचा उपयोग नाही, उलट ती ओढत न्यावी लागते. मग ती आली कशासाठी? अलेक्झांड्रा बासोलो या संशोधिकेने १९९० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक सुंदर प्रयोग मांडला. प्लॅटी ही स्वोर्डटेलची जवळची नातेवाईक, पण प्लॅटीच्या नराला तलवार नसते. बासोलो यांनी प्लॅटीच्या नरांना प्लास्टिकच्या तलवारी लावल्या. ज्यांनी आपल्या जातीत कधी तलवार पाहिली नव्हती, त्या माद्या तलवारवाल्या नरांकडेच जास्त ओढल्या गेल्या. म्हणजे तलवारीची आवड आधीची आणि तलवार नंतरची. घरातल्या टँकसमोर बसून नर मादीभोवती उलटसुलट फिरताना, मागे मागे पोहत तलवार मिरवताना पाहिला की हा प्रयोग मला दर वेळी आठवतो.

नर ओळखायची दुसरी खूण तलवारीपेक्षा खात्रीची आहे. पोटाखालचा शेपटीकडचा पंख मादीत पंख्यासारखा पसरट असतो. नरात तो गुंडाळून बारीक काडीसारखा होतो. त्याच काडीने तो मादीच्या शरीरात बीज सोडतो. अंडी पोटातच फुटतात आणि पिल्लं पोहतच बाहेर येतात. मादी हे बीज महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी मादी आणली तरी दुकानातल्या संबंधातून घरी पिल्लं होतात, एकदा नाही, लागोपाठ अनेकदा. बऱ्याच जणांना वाटतं की मादीचाच नर झाला, कारण महिनोन्‌महिने मादी म्हणून वावरलेल्या माशाला अचानक तलवार फुटते. बहुतेक वेळा तो उशिरा वयात आलेला नर असतो. काही नर लवकर पिकतात आणि लहान राहतात. काही सावकाश वाढतात, तोवर मादीसारखे दिसतात आणि शेवटी मोठे होतात. स्वोर्डटेलच्या कुळात हा फरक बराचसा आनुवंशिक आहे.

पोटात पिल्लं वाढायला साधारण चार आठवडे लागतात. पाणी गरम असेल तर त्याहून थोडे कमी. दिवस भरले की मादीचं पोट खालून चौकोनी दिसायला लागतं, शेपटीजवळचा काळा डाग गडद होतो आणि ती कोपऱ्यात, झाडांच्या आड थांबायला लागते. पिल्लू बाहेर येतं ते वाकलेलं, क्षणभर तळाकडे जातं, अंग सरळ करतं आणि वरच्या झाडाकडे पळतं. पळावंच लागतं, कारण आई, मावश्या, बाप, सगळेच त्याला गिळायला टपलेले असतात. विणाऱ्या मादीला बारीक जाळीच्या डब्यात कोंडतात ते मला पटत नाही. त्या धास्तीने ती अनेकदा वेळेआधी विते. त्यापेक्षा जावा मॉस किंवा तरंगणाऱ्या झाडांचा दाट गुच्छ एका कोपऱ्यात ठेवा. त्यात जी पिल्लं टिकतील ती टिकतील. एका वेळी वीसपासून शंभरच्या वर पिल्लं होतात. सगळी जगवायची म्हटली तर घरात जागा पुरणार नाही.

तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ८५ लिटर पाणी बसतं. स्वोर्डटेलसाठी याहून लहान टँक घेऊ नका; मासा चांगला बोटभर वाढतो आणि सतत पोहतो. वर झाकण हवंच, कारण तो उडी मारतो. नर एकच ठेवा आणि माद्या तीन. दोन नर ठेवले तर एक राजा होतो आणि दुसरा दिवसभर फिल्टरच्या मागे लपून राहतो, खायलाही पुढे येत नाही. सोबतीला मॉली चालतात, तळाला कोरिडोरास चालतात, आपल्याच देशातला झेब्रा दानिओ तर उत्तम. प्लॅटी ठेवायची असेल तर ठेवा, पण तिचा स्वोर्डटेलशी संकर होतो हे लक्षात घेऊन ठेवा. असे संकर वाटतात तेवढे निरुपद्रवी नाहीत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मायरन गॉर्डन आणि जर्मनीत कुर्ट कोसविग यांना वेगवेगळं काम करताना दिसलं की काळे ठिपके असलेल्या प्लॅटीचा स्वोर्डटेलशी संकर केला, तर काही पिल्लांत त्या ठिपक्यांचाच कर्करोग होतो. त्यावर आजही संशोधन चालू आहे. टायगर बार्ब मात्र गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. त्याला यांच्यात सोडू नका. निऑन टेट्रा मवाळ पाण्याचा मासा आहे, तो आपल्या बोअरच्या पाण्यात कष्टाने जगतो. एंजल मोठा झाला की गप्पी त्याचा घास होतो.

आता या पाण्याची अवघड बाजू. माशांच्या मूत्र-विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्यातला एक भाग विषारी रूपात असतो आणि तो किती असेल हे पीएच आणि तापमान ठरवतं. पाणी ३० अंशांवर आणि पीएच ७ असेल तर हा भाग एक टक्क्याच्याही आत असतो. तेच पीएच ८ झाला की सात टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे ज्या पाण्यात स्वोर्डटेल खुश, त्याच पाण्यात जास्त खाणं टाकल्याची शिक्षा सुमारे नऊपट कडक. नवा टँक भरून त्याच दिवशी डझनभर मासे आणणाऱ्याचे मासे आठवड्यात का दगावतात, त्याचं उत्तर बहुतेक इथेच असतं. फिल्टरच्या स्पंजवर अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला तीन-चार आठवडे द्या, मासे थोडे थोडे वाढवा आणि दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाका. स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. नळाखाली धरला तर ब्लिचिंग पावडरचा क्लोरीन त्या जिवाणूंना मारतो.

उन्हाळ्यात जारच्या पाण्याला शेवटी काम मिळतं. एप्रिल-मे मध्ये टँकमधलं पाणी रोज उतरतं, पण उडतं ते फक्त पाणी; क्षार मागेच राहतात. काचेवर पाण्याच्या जुन्या रेषेला जो पांढरा पट्टा धरतो, तो तेच सांगत असतो. उतरलेली पातळी पुन्हा बोअरच्या पाण्याने भरत राहिलात तर महिन्या-दोन महिन्यांत क्षार स्वोर्डटेललाही सोसणार नाहीत इतके चढतात. म्हणून उडालेलं पाणी जारच्या पाण्याने भरा आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा काढून तिथे बोअरचं पाणी घाला. बोअरचं ताजं पाणी लगेच ओतू नका. जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. रात्रभर बादलीत एअर स्टोन चालू ठेवून सकाळी वापरा.

प्राणवायू हाच उन्हाळ्यातला खरा प्रश्न. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसात. त्यात लाइट गेली की एअर पंप बंद. मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसले की झाकण काढा, मगाने पाणी उचलून उंचावरून टँकमध्येच सोडत राहा. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावाच. दुपारी पाण्यावर टेबल फॅन लावला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं.

आणखी दोन गोष्टी खास आपल्या भागासाठी. डासांसाठी गल्लीत धूरफवारणी आली की एअर पंप बंद करा, टँकवर ओलं कापड टाका आणि खिडक्या लावा. पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं माणसाला सोसतात, माशांना नाहीत, आणि पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. शेतात फवारणी करून आलेल्या हातांनीही खाणं टाकू नका. दुसरी गोष्ट हळदीची. वसमत हळदीचं गाव, आणि जखमेवर हळद हा आपला हात आपोआप जाणारा उपाय. पंख फाटला म्हणून टँकमध्ये हळद टाकू नका. तिचा पिवळा घटक पाण्यात विरघळतच नाही. पूड कल्ल्यांत आणि वाळूत जाऊन बसते.

या चार माशांपैकी गप्पी आपल्याकडे हौसेच्या आधी आरोग्य खात्याच्या वाटेने घरोघरी पोचला. डासांच्या अळ्या खातो म्हणून हिवताप विभागाचे कर्मचारी तो टाक्यांत, डबक्यांत सोडतात. गप्पीचाच भाऊबंद गंबुसिया १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला, तोही याच कामासाठी. बंद टाकीत हे मासे उपयोगी पडतात. नदीत-ओढ्यात गेले की तिथल्या छोट्या देशी माशांची अंडी-पिल्लंही खातात आणि त्यांची जागा घेतात. टँकमधून बाहेर पडलेले सकरमाउथ मासे उजनी धरणात कोळ्यांच्या जाळ्यात कसे येतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. म्हणून जास्त झालेली पिल्लं आसना नदीत, पूर्णेच्या कालव्यात किंवा शेतातल्या विहिरीत सोडू नका, कितीही दया आली तरी. नांदेड-परभणीचे दुकानदार चांगली वाढलेली स्वोर्डटेल बदल्यात घेतात का, ते आधीच विचारून ठेवा. ओळखीतल्या मुलांना द्या. पिल्लांतले नर ओळखू येऊ लागले की त्यांना वेगळ्या टँकमध्ये काढा. त्यानंतरही साठवलेल्या बीजामुळे मोठ्या माद्यांना पुढचे काही महिने पिल्लं होत राहतील, हे धरूनच जागेचा हिशेब करा.