प्रकाशन संस्था बंद पडली तर पुस्तक कोणाचं? लेखकाच्या हातात काय उरतं ते समजून घेऊया

कादंबरी लिहिली, प्रकाशकाने घेतली, छापून आली, ई-बुकही निघालं. आता लेखकाचं काम संपलं असं बऱ्याच जणांना वाटतं. पण दोन-चार वर्षांनी तो छोटा प्रकाशकच बंद पडला तर? ॲमेझॉनवर पुस्तकाच्या नावाखाली 'सध्या उपलब्ध नाही' दिसतं, राहिलेल्या रॉयल्टीचा पत्ता नसतो, आणि तीच कादंबरी स्वतः पुन्हा काढायची म्हटलं तर आपल्याला तो हक्क आहे की नाही हेच माहीत नसतं.

तुमच्यापैकी अनेक जण मोबाईलवरच कथा लिहितात, कोणी प्रतिलिपीवर, कोणी गुगल डॉक्समध्ये. उद्या एखाद्या प्रकाशकाने किंवा ॲपने करार पुढे केला तर सही करण्याआधी हे सगळं माहीत असायला हवं.

प्रकाशक बंद पडतो तेव्हा नेमकं काय होतं?

अमेरिकेत ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली आहे, म्हणून तिथली उदाहरणं बघू. २००० साली ओहायो राज्यात 'एलोराज केव्ह' नावाची प्रकाशन संस्था सुरू झाली. हो, नाव आपल्या वेरूळच्या लेण्यांवरूनच! किंडल बाजारात आलं २००७ मध्ये, म्हणजे त्याच्या कितीतरी आधीपासून ही संस्था मोठ्यांसाठीच्या प्रेमकथा ई-बुक म्हणून विकत होती. पुढे ॲमेझॉनवर कोणीही स्वतःचं पुस्तक टाकू लागलं आणि अशा छोट्या डिजिटल प्रकाशकांचं गणित बिघडलं. लेखकांना पैसे उशिरा मिळत असल्याच्या तक्रारी २०१४ मध्ये उघडपणे होऊ लागल्या, आणि २०१६ च्या शेवटी संस्था बंद झाली.

पण सगळे प्रकाशक एकाच पद्धतीने बंद होत नाहीत. साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, सांगून-सवरून बंद होणं. ओहायोमधल्याच 'सॅमहेन पब्लिशिंग'ने फेब्रुवारी २०१६ मध्ये लेखकांना कळवलं की आम्ही हळूहळू काम आवरतोय. प्रत्यक्षात दुकान बंद झालं फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस. म्हणजे लेखकांना तयारीसाठी जवळपास वर्ष मिळालं.

दुसरा, अचानक बंद होणं. 'ऑल रोमान्स ई-बुक्स' हे ई-बुकचं दुकान होतं. त्यांनी २८ डिसेंबर २०१६ ला सांगितलं की ३१ डिसेंबरला आम्ही बंद होणार. फक्त तीन दिवस! वर शेवटच्या तिमाहीच्या रकमेपैकी डॉलरमागे १० सेंट देऊ, असा प्रस्ताव लेखकांसमोर ठेवला. म्हणजे शंभर रुपये येणं असेल तर दहा रुपये घ्या आणि विषय संपवा. वाचकांनाही विकत घेतलेली पुस्तकं घाईघाईने डाउनलोड करून घ्यावी लागली.

तिसरा, दुसऱ्याला विकलं जाणं. विज्ञानकथा आणि फँटसी छापणारी 'नाइट शेड बुक्स' २०१३ मध्ये अडचणीत आली. तेव्हा लेखकांचे करार दुसऱ्या दोन कंपन्यांकडे सोपवायचं ठरलं, पण रॉयल्टीच्या अटी बदलून. पुरेशा लेखकांनी होकार दिला तरच व्यवहार होणार होता. नाही म्हटलं तर दिवाळखोरीची भीती, हो म्हटलं तर नव्या अटी. इकडे आड तिकडे विहीर.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे वेस्टलँड. ही संस्था छोटी नव्हती, ॲमेझॉनच्या मालकीची होती. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲमेझॉनने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुस्तकं मिळेनाशी होणार म्हणून वाचकांची खरेदीसाठी धावपळ उडाली, काही नावाजलेले लेखक दुसऱ्या प्रकाशकांकडे गेले. काही आठवड्यांनी तीच टीम प्रतिलिपीसोबत पुन्हा उभी राहिली. पाठीशी मोठी कंपनी असली म्हणजे पुस्तक सुरक्षित आहे, असं काही नसतं.

मग पुस्तकावर हक्क कोणाचा?

लिहिल्या क्षणापासून कॉपीराइट लेखकाचा असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं टिकतो. प्रकाशकाला आपण त्यातले काही हक्क देतो: छापण्याचा, ई-बुकचा, ऑडिओचा, भाषांतराचा. कोणते दिले, किती काळासाठी दिले आणि कुठल्या देशांसाठी दिले, हे करारात लिहिलेलं असतं.

इथे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ प्रत्येक लेखकाने वाचायला हवं. सोप्या भाषेत सांगायचं तर:

- हक्क सोपवण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा. तोंडी 'तुम्ही छापा हो' म्हटल्याने हक्क जात नाहीत.
- करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते.
- प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते धरले जातात.
- प्रकाशकाने हक्क घेतले पण वर्षभरात वापरलेच नाहीत, तर ते आपोआप संपतात. मात्र करारात वेगळं काही लिहिलं असेल तर ते लागू होतं.

शेवटच्या वाक्यातच खरी मेख आहे. करारात 'कायमस्वरूपी सर्व हक्क' असं लिहून तुम्ही सही केली असेल, तर प्रकाशकाचं ऑफिस बंद झालं तरी हक्क आपोआप तुमच्याकडे येतीलच असं नाही. कंपनी दिवाळखोरीत गेली तर हे हक्क तिची मालमत्ता म्हणून मोजले जाऊ शकतात. आणि थकलेल्या रॉयल्टीसाठी लेखक देणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, तोही बहुतेक वेळा बँकांच्या मागे.

म्हणून प्रकाशक बंद होतोय असं कळलं की पहिलं काम म्हणजे हक्क परत केल्याचं पत्र मिळवणं. त्यात पुस्तकाचं नाव, कोणते हक्क परत केले आणि कुठल्या तारखेपासून, हे स्पष्ट हवं. 'काळजी करू नका, पुस्तक तुमचंच आहे' असा व्हॉट्सॲप मेसेज पुरेसा नाही. ऑफिस चालू असतं तोवर सही करायला कोणीतरी असतं. सहा महिन्यांनी फोन उचलायलाही कोणी सापडत नाही.

हक्क आले, पण पुस्तक आलं का?

मजकूर तुमचा असला तरी पुस्तकाचे बाकीचे भाग तुमचे असतीलच असं नाही.

मुखपृष्ठ: चित्रकाराला पैसे प्रकाशकाने दिलेले असतात. ते चित्र वापरायला प्रकाशकाची किंवा चित्रकाराची लेखी परवानगी लागते, नाहीतर नवं करून घ्यावं लागतं.

फाइल: मराठीत हा मोठा त्रास आहे. अनेक पुस्तकं श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असतात. ती फाइल मोबाईलवर उघडली तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. ई-बुकसाठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, त्यामुळे पुस्तक पुन्हा ओळन् ओळ तपासावं लागतं. म्हणून तुमची मूळ युनिकोड फाइल आणि संपादनानंतरची शेवटची फाइल, दोन्ही स्वतःकडे ठेवा.

आयएसबीएन: हा नंबर त्या प्रकाशकाच्या त्या आवृत्तीचा असतो. नव्या आवृत्तीला नवा लागतो. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो आणि लेखकही अर्ज करू शकतो. फक्त किंडलवर ई-बुक टाकायचं असेल तर त्याची गरजही नाही, ॲमेझॉन स्वतःचा नंबर देतं.

रिव्ह्यू: जुन्या आवृत्तीचं पान गेलं की त्याखालचे तारे आणि अभिप्रायही जाऊ शकतात. नाव आणि लेखक तेच असेल तर दोन आवृत्त्या जोडून द्या, अशी विनंती ॲमेझॉनला करता येते. ती दरवेळी मान्य होतेच असं नाही.

आता स्वतःच प्रकाशक व्हायचं?

तांत्रिक भाग तसा सोपा आहे. ॲमेझॉनच्या केडीपीवर मराठी ई-बुक टाकता येतं, गुगल प्ले बुक्सवरही टाकता येतं. छापील प्रती हव्या असतील तर बंगळुरूची पोथी डॉट कॉम किंवा चेन्नईची नोशन प्रेस यांच्याकडे मागणीनुसार छपाई होते, म्हणजे घरात हजार प्रतींचे गठ्ठे रचावे लागत नाहीत.

अवघड आहे ते पैशाचं गणित. एक काल्पनिक हिशोब करू. समजा प्रकाशकाकडे २०० रुपयांच्या पुस्तकावर तुम्हाला १० टक्के मिळत होते, म्हणजे प्रतीमागे २० रुपये. आता तेच पुस्तक तुम्ही किंडलवर १०० रुपयांना ठेवलं. केडीपीत रॉयल्टीचे दोन दर आहेत, ३५ आणि ७० टक्के. कर बाजूला ठेवला तर ३५ टक्क्यांनी प्रतीमागे ३५ रुपये मिळतील. वाचायला छान वाटतं! पण मुखपृष्ठ, संपादन आणि मुद्रितशोधन यांवर खिशातून १५,००० रुपये गेले असतील, तर नुसते ते वसूल व्हायला ४२९ प्रती विकाव्या लागतात. पहिला खरा रुपया मिळतो तो त्या ४२९ व्या प्रतीलाच.

७० टक्क्यांचा दर घेतला तर हा आकडा निम्मा होतो. पण भारतातल्या विक्रीवर तो दर हवा असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये घालावं लागतं. त्याची अट अशी की ते ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवायचं नाही. गुगल प्लेवर नाही, स्वतःच्या वेबसाइटवरही नाही. शिवाय पैसे ज्या महिन्यात कमावले तो महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात.

आणि वेळ? लेखकाचा दिवस आता दोन भागांत वाटला जातो. सकाळी कथा, संध्याकाळी मुखपृष्ठवाल्याला फोन, जाहिरात, वर्णनाचा मजकूर, किंमत बदलून बघणं. पुढची कादंबरी मागे पडते ती इथेच. प्रकाशक १० टक्के देऊन ९० टक्के घेतो असं आपण म्हणतो, पण त्यात ही सगळी कामं होती हे तो गेल्यावर कळतं. याची दुसरी बाजूही आहे. किंमत, मुखपृष्ठ, पुढची आवृत्ती हे सगळं तुमच्या मनावर. विक्रीचा आकडा वर्षअखेरीच्या पत्रात नाही, रोज सकाळी मोबाईलवर दिसतो.

ॲपसुद्धा बंद पडतात

प्रकाशक नको, आता थेट ॲपवर, असं म्हणून भागत नाही. ॲमेझॉनने क्रमशः कथांसाठी अमेरिकेत 'किंडल वेला' २०२१ मध्ये सुरू केलं आणि २०२५ मध्ये बंद केलं. लेखकांकडे हक्क होते, त्यामुळे ते कथा दुसरीकडे नेऊ शकले. पण तिथे जमवलेले वाचक सोबत नेता येत नाहीत, कारण फॉलोअर्सची यादी ॲपकडे असते.

म्हणजे लेखकाने स्वतःकडे ठेवायच्या गोष्टी तीनच: हक्काचा कागद, मजकुराची फाइल आणि वाचकांपर्यंत पोहोचायचा स्वतःचा रस्ता. यातली एक जरी दुसऱ्याच्या हातात राहिली, तरी तो दुसरा बुडाला की तुमचंही बरंच काही बुडतं.

आज संध्याकाळी करता येतील अशी पाच कामं

१. करार शोधा, मोबाईलने स्कॅन करून पीडीएफ बनवा आणि दोन ठिकाणी ठेवा.

२. त्यात मुदत, प्रदेश आणि हक्क परत कधी मिळणार, या तीन गोष्टींखाली रेघ मारा. एखादी सापडली नाही तर प्रकाशकाला ईमेलने विचारा. उत्तरही ईमेलनेच घ्या.

३. पुस्तकाची शेवटची फाइल मागून घ्या. युनिकोड आहे की नाही हे मोबाईलवर उघडून बघा.

४. रॉयल्टीचे आलेले सगळे हिशोब एका फोल्डरमध्ये टाका. पैसे थकले तर पुरावा हाच.

५. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तुमचा ईमेल किंवा व्हॉट्सॲप चॅनलचा क्यूआर कोड द्या. ज्याने शेवटपर्यंत वाचलं तो तुमचा वाचक आहे, त्याला तुम्हाला शोधता आलं पाहिजे.

नवीन करारावर सही करणार असाल तर एक ओळ घालून घ्या: प्रकाशकाने काम बंद केलं, किंवा ठरावीक महिने पुस्तक विक्रीला उपलब्ध नसलं, तर सर्व हक्क लेखकाकडे परत येतील. दिवाळखोरीत ही ओळ अडकू शकते, म्हणून तिच्यासोबत मुदतही ठरवून घ्या, तीन किंवा पाच वर्षांची. चांगला प्रकाशक यावर रागावत नाही. आणि जो रागावेल, त्याच्याकडे पुस्तक द्यायचं की नाही याचा शांतपणे विचार करा.