पनामाचे दैव चाग्रेसच्या पाण्यात

डोनाल्ड ट्रम्प यांनी पनामा कालवा परत घेण्याची भाषा सुरू केल्यापासून सगळी चर्चा मालकी आणि चीनचा प्रभाव यांभोवती फिरते आहे. या देशाचे नशीब मात्र चाग्रेस नावाच्या एका नदीशी बांधलेले आहे.

दोन महासागरांमधली भूपट्टी इथे अगदीच अरुंद. म्हणूनच पेरूची चांदी स्पॅनिशांनी खेचरांवर लादून इथून पलीकडे नेली. सुएझच्या यशाने हुरळलेल्या फर्डिनांड द लेसेप्सने १८८१मध्ये इथेही समुद्रसपाटीचा कालवा खणायला घेतला. पण सुएझला सपाट वाळवंट होते. इथे डोंगर, कोसळत्या दरडी आणि पावसाळ्यात उफाणणारी चाग्रेस. पीतज्वर व हिवतापाने हजारो कामगार दगावले आणि १८८९मध्ये कंपनी बुडाली.

यावरचा उतारा गोदँ द लेपिने या अभियंत्याने १८७९च्या पॅरिस परिषदेतच सांगितला होता : नदीला धरण घालून तलाव करा आणि जहाजे त्यावर चढवा. त्याला कुणी भीक घातली नाही. पुढे अमेरिकेने नेमके हेच केले आणि १९१४मध्ये कालवा खुला झाला. चाग्रेस अडवून केलेला हा गातून तलाव समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंच आहे. जहाज लॉकच्या हौदात शिरले की दरवाजे मिटतात, तलावाचे पाणी उताराने आत येते आणि जहाज वर चढते. पंप लागतच नाही. पाणी मात्र लागते. जुन्या लॉकमधून एक जहाज पार व्हायला सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते.

देशाचा जन्मही कालव्यापोटीच झाला. कोलंबियाने अमेरिकेशी कालव्याचा करार नाकारताच नोव्हेंबर १९०३मध्ये अमेरिकी युद्धनौकांच्या पाठबळावर पनामा कोलंबियापासून वेगळा झाला. पंधरवड्यातच कालव्याचा पट्टा अमेरिकेला देणारा करार झाला. त्यावर पनामातर्फे सही होती ब्युनो-व्हारिया या फ्रेंच माणसाची! कालवा पूर्णपणे पनामाच्या हाती यायला ३१ डिसेंबर १९९९ उजाडला.

२०२३मध्ये पावसाने दगा दिला आणि तलावातले पाणी घटले. एरवी दिवसाला ३६ ते ३८ जहाजे जात. २०२४च्या सुरुवातीला ती २४वर आली. लिलावात आधीचा नंबर मिळवायला एका कंपनीने जवळपास ४० लाख डॉलर मोजले. चाग्रेसच्याच खोऱ्यातून पनामा सिटी आणि कोलोन या शहरांना पिण्याचे पाणी जाते. त्यामुळे आता शेजारच्या इंदिओ नदीवर धरणाचा घाट घातला आहे आणि तिथल्या शेतकऱ्यांचा विस्थापनाला विरोध आहे. ट्रम्पना कालवा पनामाला दिल्याच्या कराराचा कागद दाखवता येईल; जहाजे, नळ आणि शेती यांत पाणी कसे वाटायचे, हे पनामाला स्वतःच ठरवावे लागेल.