आसनं मोजू नका, किलो मोजा

उजनी धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे, पण तिच्यामागं तुंबलेल्या भीमेचा फुगवटा इंदापूर ओलांडून दौंडपर्यंत जातो. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरले की कुंभारगाव, डिकसळ आणि भिगवणला पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. शाळेच्या सहली, भिशीचे गट, निवृत्त सहकाऱ्यांचे मेळावे, नात्यागोत्यातली तीन-चार कुटुंबं, सगळ्यांना पाण्यातून एक फेरी मारायची असते. शेतावर पर्यटकांची सोय करणारे तरुणही या भागात वाढले आहेत. दहा-पंधरा जणांना एकदम नेता येईल अशा बोटीचा शोध सुरू झाला की पाँटून बोटीचं नाव पुढं येतंच.

बोट खरोखर छान असते. दोन लांब, हवाबंद ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यांवर सपाट तळ, भोवती कठडा, बाकं, वर छत आणि मागं इंजिन. म्हातारी माणसं न घाबरता पाय ठेवतात, मुलं मांडी घालून बसतात, मध्ये डबा उघडता येतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या ॲम्ब्रोज वीअर्स नावाच्या शेतकऱ्यानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंडी पिंपं जोडून त्यांवर लाकडी तळ ठोकला आणि तिथून या बोटींचा धंदा उभा राहिला. पण याच सुखद सपाटपणामुळं तिच्याविषयी काही समजुती घट्ट बसल्या आहेत, आणि त्यांतल्या दोन-तीन जीवघेण्या आहेत.

पहिली समजूत अशी की रुंद आणि सपाट असल्यामुळं पाँटून उलटतच नाही.

साधी होडी बाजूला कलते तेव्हा ती आधीपासूनच डुलत असते, त्यामुळं बसणारा सावध होतो. पाँटून तसं करत नाही. एका बाजूला चार माणसं सरकली तरी ती जेमतेम कलते, कारण त्या बाजूची नळी आणखी थोडी बुडते आणि तेवढाच जास्त जोर लावून वर ढकलते. हा आधार नळीत बुडायला जागा शिल्लक आहे तोवरच असतो. नळी पूर्ण पाण्याखाली गेली की ढकलण्यासाठी तिच्याकडं आणखी काही उरत नाही. दुसऱ्या बाजूची नळी पाण्याबाहेर उचलली जाते आणि बोटीचा सावरण्याचा जोर वाढायच्या ऐवजी घटू लागतो. म्हणजे सुरुवातीला ती होडीपेक्षा किती तरी पक्की असते, आणि मर्यादा ओलांडल्यावर इशारा फार कमी देते. नावाड्याला वाटतं अजून पुष्कळ वाव आहे, आणि तेवढ्यात वाव संपलेला असतो.

हे कागदावरचं गणित नाही. ६ मार्च २००४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या बंदरात ‘लेडी डी’ नावाची प्रवासी पाँटून बोट वाऱ्याच्या अचानक आलेल्या झोतानं उलटली. बोटीत २५ माणसं होती, पाच मरण पावली. २५ माणसांची परवानगी कागदोपत्री होती, नियमभंग झालेला नव्हता. चौकशीत निघालं ते असं: बोटीच्या स्थैर्याची चाचणी खुद्द तिच्यावर झालीच नव्हती, दुसऱ्या एका बोटीचा निकाल ‘सारखीच आहे’ म्हणून तिला लावला होता. शिवाय हिशेबात माणशी वजन १४० पौंड, म्हणजे सुमारे ६३ किलो धरलं होतं आणि प्रत्यक्षातली माणसं त्याहून बरीच जड होती. त्यानंतर अमेरिकी तटरक्षक दलानं प्रवासी बोटींसाठी माणशी गृहीत वजन वाढवलं. २०११ पासून तिथं १८५ पौंड, म्हणजे जवळजवळ ८४ किलो धरतात.

यातूनच दुसऱ्या गैरसमजाकडं येता येतं, आणि तो सगळ्यात जास्त पसरलेला आहे. विकणारा सांगतो ‘वीस सीटर’, घेणारा आसनं मोजतो आणि वीस माणसं बसवतो.

हिशेब करून पाहावा. साडेसहा मीटर लांब आणि सुमारे ६३ सेंटिमीटर व्यासाची एक नळी साधारण २,००० लिटर पाणी बाजूला सारते. गोड्या पाण्याचं लिटरला एक किलो धरलं तर दोन नळ्या पूर्ण बुडाल्यावर ४,००० किलो पेलतील. हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल की चाळीस माणसंसुद्धा सहज जातील. पण पूर्ण बुडालेल्या नळ्यांची बोट म्हणजे बुडायच्या काठावरची बोट. भरलेल्या बोटीच्या नळ्या निम्म्याच्या आसपासच पाण्यात असाव्यात, असा साधा संकेत आहे. म्हणजे वापरता येतात ते २,००० किलो. त्यातून तळ, बाकं, छत, इंजिन, इंधन, नांगर आणि दोरखंड यांचे हजार-अकराशे किलो वजा करा. उरले नऊशे. पिशवी, पाण्याची बाटली आणि कॅमेरा यांसह माणशी ७५ किलो धरले तर बारा जण. त्यात चालवणारा आणि त्याचा मदतनीस आलाच, म्हणजे पाहुणे दहा. बाकं मात्र सोळा-अठरा जणांची बसवता येतात, कारण तळावर जागा भरपूर असते. प्रत्येक बोटीचे आकडे वेगळे निघतील, पण घेण्याआधी विक्रेत्याला विचारायचा प्रश्न हाच: किती माणसं बसतील हे नको, इंजिन आणि सामान धरून किती किलो चालतील ते सांगा, आणि ते कुठं लिहिलेलं आहे ते दाखवा.

वजन किती याच्या जोडीला ते कुठं आहे हेही बघावं लागतं. केरळात थेक्कडीला ३० सप्टेंबर २००९ रोजी ‘जलकन्यका’ ही पर्यटकांची दुमजली बोट उलटली आणि ४५ जण बुडाले. काठावरची जनावरं बघायला प्रवासी एका बाजूला धावले होते. ती पाँटून नव्हती, पण रोहित पक्ष्यांचा थवा उठल्यावर कॅमेरे घेतलेली माणसं काय करतात हे भिगवणच्या प्रत्येक नावाड्याला ठाऊक आहे. पाँटूनवर तर उभं राहून चालायला मोकळा तळच असतो, त्यामुळं हा धोका तिथं कमी न होता वाढतो. सगळे पुढच्या कठड्याशी गेले तर नळ्यांची टोकं पाण्यात घुसून तळावर पाणी चढतं. बसायच्या जागा ठरवून देणारा आणि फेरीभर त्या पाळायला लावणारा मदतनीस बोटीवर असणं म्हणूनच गरजेचं आहे.

तिसरी नळी लावली की प्रश्न सुटतो, असंही सांगितलं जातं. मधली नळी वजन पेलायला नक्की मदत करते, ताकद जवळपास दीडपट होते. बाजूला कलण्याविरुद्ध मात्र तिची मदत थोडीच, कारण ती नेमकी मधोमध असते. कलण्याला विरोध करतात त्या बाहेरच्या नळ्या, आणि त्या एकमेकींपासून किती लांब आहेत यावर तो विरोध ठरतो. पैसे असतील तर तीन नळ्या घ्याव्यात, पण त्या भरवशावर माणसं दीडपट करू नयेत.

गावातच प्लॅस्टिकचे निळे ड्रम बांधून वर लोखंडी सांगाडा ठोकला तर काय बिघडतं? तत्त्व तेच आहे, आर्किमिडीजचं. दोनशे लिटरचा ड्रम पूर्ण बुडाला तर स्वतःचं वजन सोडून दोनशे किलोंच्या आसपास उचलतो, म्हणून धरणातल्या मोटारीखाली तराफा म्हणून तो उत्तम चालतो. मोटार जागेवर असते आणि ती कठड्यावर वाकत नाही. माणसांच्या बोटीत ड्रमचं झाकण ढिलं झालं, पट्टा तुटून एक कोपरा मोकळा झाला, तर एकाच बाजूचा आधार जातो. चांगल्या पाँटूनच्या नळीत आडव्या भिंती घालून वेगळे कप्पे केलेले असतात, एकाला भोक पडलं तरी बाकीचे कोरडे राहतात. विकत घेताना हे कप्पे किती आहेत आणि आत शिरलेलं पाणी तपासायची सोय आहे का, हे विचारावंच.

आता वारा. ‘धरणाचं पाणी म्हणजे तळं, समुद्र थोडाच आहे’ हे वाक्य उजनीच्या काठी कुणी बोलू नये असे दोन दिवस इथं होऊन गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी माळशिरस तालुक्यातले दहा डॉक्टर सहलीला आले होते. इंदापूर तालुक्यातल्या अजोतीजवळ त्यांची बोट उलटली आणि चौघे बुडाले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात बुडाली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुलं होती. एप्रिल-मेच्या दुपारनंतर वळिवाचे ढग जमतात आणि शांत पाणी काही मिनिटांत खवळतं. पलीकडचा काठ लांब, मध्ये आडोसा काहीच नाही, त्यामुळं लाटांना वाढायला मोकळं मैदान मिळतं.

पाँटूनच्या बाबतीत याला छताची भर पडते. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला १७ किलोच्या घरात असतो. ऊन लागू नये म्हणून बाजूचे पडदे सोडले आणि आठ चौरस मीटर कापड वाऱ्यासमोर आलं तर बोटीला सव्वाशे किलोंहून जास्त आडवा धक्का बसतो, तोही वरच्या अंगाला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणून पडदे गुंडाळता येणारे असावेत, वारा उठताच छत मिटवता यावं, आणि वरच्या मजल्यावर माणसं बसवणारी पाँटून या फुगवट्यासाठी घेऊच नये. इंजिनावर पैसे वाचवणंही इथंच अंगाशी येतं. सावकाश फेरीला लहान इंजिन पुरतं, पण समोरून वारा आला की छतवाली बोट त्याच्यानं रेटवत नाही आणि वल्ह्यानं तर ती हलतच नाही.

तळ सपाट म्हणून ती कुठंही जाते, हीही समजूत तपासून घ्यावी. भरलेल्या पाँटूनच्या नळ्या फूटभर तरी पाण्यात असतात आणि इंजिनाचा पंखा त्याहून खाली. उजनीचं पाणी उन्हाळ्यात इतकं उतरतं की पळसदेवचं बुडालेलं जुनं मंदिर उघडं पडतं. तशाच जुन्या गावांच्या भिंती, बांध आणि बाभळीची खोडं पाण्याच्या पातळीखाली वीतभर दडलेली असतात, शिवाय मच्छीमारांची जाळी. जानेवारीत मोकळी असलेली वाट एप्रिलमध्ये तशी राहत नाही. इथं स्थानिक मच्छीमाराच्या माहितीला पर्याय नाही, त्याला पगारावर ठेवणं हा खर्च नव्हे, सुरक्षेचा भाग आहे. आणि रोहित पक्षी तर गुडघाभर पाण्यातच चरतात. त्यांच्यासाठी बांबूनं रेटता येणारी लहान होडीच बरी. पक्षी बघायलाच येणारा गट असेल तर पाँटून ही चुकीची निवड आहे, असं स्पष्ट सांगायला हवं. खोल पाण्यावरची संथ फेरी, सूर्यास्त, ज्येष्ठांची सहल, यासाठी ती योग्य.

लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवलं की नियम पाळला गेला, हा समज तर सगळीकडं आहे. पाण्यात पडल्यावर जॅकेट चढवणं भल्याभल्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे चाळीस विद्यार्थ्यांची बोट उलटून तीन मुली गेल्या. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीतली १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथंही बोटीत पेलवतील त्यापेक्षा जास्त जण बसवले होते आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हती. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. त्यांच्या मापाची, मांड्यांमधून पट्टा घेतलेली जॅकेट वेगळी घ्यावी लागतात, आणि काठ सोडण्याआधीच ती अंगावर हवीत.

परवान्याचंही तसंच. ‘अंतर्गत जलवाहन अधिनियम, २०२१’नं १९१७ चा जुना कायदा बदलला. इंजिनावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि पाहणीचं प्रमाणपत्र लागतं, पाहणी मुदतीनं पुन्हा करून घ्यावी लागते आणि विमाही उतरवावा लागतो. धरणाच्या पाण्यात उतरायची परवानगी ही वेगळी गोष्ट, ती या कागदांची जागा घेत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१७ मध्ये बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. बोट भाड्यानं घेणाऱ्या गटप्रमुखानं ही प्रमाणपत्रं दाखवायला सांगितली तर त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

आगाऊ रक्कम देतानाच आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी: वारा उठला तर फेरी रद्द करण्याचा निर्णय नावाड्याचा, आणि तसं झालं तर पैसे परत. लांबून आलेला गट ‘एवढी एकच फेरी’ म्हणून आग्रह धरतो आणि पैसे बुडतील म्हणून बोटवाला नाही म्हणू शकत नाही. मे महिन्यातल्या सहली सकाळी अकराच्या आत उरकल्या तर बहुतेक वेळा हा प्रसंग येतही नाही.